जुनी मोटार आणि कायद्याची तारीख

वसईच्या एका शाळेत शिकविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जुनी मोटार घेतली. नवी घेण्याची ऐपत नव्हती. आणि वृद्ध आईला रात्री-अपरात्री रुग्णालयात नेण्यासाठी रिक्षाच्या शोधात नाक्यावर धावण्याची पाळी दोनदा आली होती. महामार्गालगत पताका लावून मांडलेल्या मोटारींतली एक छोटी, २०१५ सालची, मुंबईच्या क्रमांकाची गाडी त्यांना पसंत पडली. एअर कंडिशनर चालतो का, टायर किती झिजले आहेत, खालचा पत्रा गंजला आहे का, गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली तर नाही ना, हे सारे त्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेतले. २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज भरले गेले, पुस्तक नावावर झाले, नारळ फुटला. ऑकलंडला नोकरीनिमित्त गेलेल्या भाच्याला त्यांनी गाडीचे छायाचित्र पाठविले. त्याने अभिनंदन केले आणि सहज विचारले, "मामा, गाडीत एअरबॅगा किती आहेत?" मामांनी खाली जाऊन पाहिले. एकही नव्हती.

भाच्याला ते प्रथम खरेच वाटेना. त्याची स्वतःची मोटार मामांच्या मोटारीपेक्षा सात वर्षांनी जुनी. जपानमध्ये कोणी तरी वापरून टाकलेली, बोटीने न्यूझीलंडला आलेली, तेथेही एकदा हात बदललेली. तिला पोचे आले होते, रंग उडाला होता. पण पुढच्या दोन्ही आसनांसमोर एअरबॅगा होत्या आणि करकचून ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणाही होती. त्याने त्यासाठी जादा पैसे मोजले नव्हते. किंबहुना, अशा गोष्टींसाठी जादा पैसे मोजावे लागतात, हीच कल्पना त्याला नवीन होती.

वरवर पाहता हा मामा-भाच्यातला किरकोळ संवाद आहे. परंतु त्यातून निघणारा प्रश्न किरकोळ नाही. दोघेही मध्यमवर्गीय, दोघांनीही बाजारातली स्वस्त जुनी मोटारच घेतली. मग एकाच्या स्वस्त गाडीत जे गृहीत धरलेले असते, ते दुसऱ्याच्या गाडीत मुळातच का नसावे?

'देश तसा वेष' ही म्हण मोटारींनाही लागू आहे, आणि त्यात वावगे काही नाही. आखाती देशांत विकावयाच्या मोटारींत वातानुकूलनाची आणि इंजिन थंड राखण्याची व्यवस्था अधिक दणकट असते, कारण तेथील उन्हाळाच तसा आहे. युरोपातल्या स्वस्त मोटारींना एअर कंडिशनर बराच काळ नसे. हीटर आणि मागच्या काचेवरचे धुके घालविणाऱ्या तारा मात्र असत. कॅनडात १९९० पासून नव्या मोटारींचे पुढचे दिवे दिवसाही आपोआप लागले पाहिजेत असा नियम आहे. लांबलेली संधिप्रकाशाची वेळ आणि बर्फाळ हवा ही त्यामागची कारणे. आपल्याकडे पावसाळ्यात खड्डे चुकवीत जावे लागते म्हणून गाडीचे पोट जमिनीपासून थोडे उंच ठेवले जाते. हे फरक हवापाण्याचे आणि रस्त्यांचे आहेत. त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या प्रकारच्या फरकाबद्दल. समोरासमोर धडक बसली असता माणसाची छाती आणि डोके सुकाणू-चक्रावर आदळते, ते वसईत जसे आदळते तसेच ऑकलंडला आणि बर्लिनलाही. बरगड्यांना हवामान नसते. तरीही या बाबतीत देशादेशांतील मोटारी वेगवेगळ्या राहिल्या, आणि त्याचा पुरावा २०१४ साली साऱ्या जगासमोर आला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने त्या वर्षीच्या जानेवारीत भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींची धडक-चाचणी जाहीर केली. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळविलेल्या या पाचही मोटारींच्या सर्वांत स्वस्त आवृत्त्यांना, म्हणजे एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना, प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. आदल्या वर्षी देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे पाचवा हिस्सा या पाच नावांचाच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मारुती स्विफ्टचीही तीच गत झाली. याच नावाच्या स्विफ्टने युरोपातील चाचणीत २०१० साली पाच तारे मिळविले होते. तेथे तिच्यात बाजूच्या आणि पडदेवजा एअरबॅगा आणि गाडी घसरू न देणारी स्थिरतेची यंत्रणा मूळ किमतीतच होती. नाव एक, चेहरा एक. आतला माल मात्र गिऱ्हाइकाच्या देशाप्रमाणे निराळा.

रेनॉच्या क्विडचा दाखला याहून बोलका आहे. २०१६ साली भारतातील क्विडला शून्य तारे मिळाले. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये तयार झालेली क्विड चार एअरबॅगा आणि बळकट केलेला सांगाडा घेऊन लॅटिन अमेरिकेच्या चाचणीत उतरली आणि तीन तारे घेऊन गेली. ब्राझील हा काही अमेरिका किंवा जर्मनीसारखा धनाढ्य देश नव्हे. तेथेही मध्यमवर्ग हप्त्यांवरच मोटार घेतो. फरक इतकाच की, तेथे २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत समोरच्या दोन एअरबॅगा आणि एबीएस असणे कायद्याने सक्तीचे झाले होते.

म्हणजे कारखानदार वाईट आणि परदेशी कारखानदार चांगला, असे हे प्रकरण नाही. कारखानदार एकच असतो. तो प्रत्येक देशात कायदा जितके मागेल तितके देतो आणि बाकीचे वरच्या किमतीच्या आवृत्तीसाठी राखून ठेवतो. तेव्हा मोटारीत काय असेल, हे तिच्या वयावर नव्हे, तर ती ज्या दिवशी तयार झाली त्या दिवशी त्या देशाचा कायदा काय होता, यावर ठरते. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींत पुढच्या दोन्ही प्रवाशांसाठी एअरबॅगा सक्तीच्या आहेत. आपल्याकडे एबीएस सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले एप्रिल २०१९ मध्ये. चालकासमोरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा गजर आणि मागे घेतानाचे सेन्सर जुलै २०१९ मध्ये. आणि शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग सर्व मोटारींना २०२१ च्या अखेरीस. दोन देशांच्या कायद्यांत सुमारे वीस वर्षांचे अंतर पडले. त्या वीस वर्षांत आपल्याकडे ज्या लाखो मोटारी तयार झाल्या, त्याच आज वसई, नालासोपारा आणि विरारच्या रस्त्यांलगत पताकांखाली उभ्या आहेत.

येथे जुन्या मोटारींच्या गिऱ्हाइकाचे दुर्दैव नेमके काय ते ध्यानात येते. कायदा पुढच्या तारखेपासून लागू होतो, मागच्या नव्हे. नव्या मोटारी सुधारत चालल्या आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची तारांकन-पद्धती अमलात आली. ती ऐच्छिक असली तरी तिच्यामुळे तारे हा जाहिरातीचा विषय झाला. सहा एअरबॅगा सक्तीच्या करण्याचा बेत सरकारने लांबणीवर टाकला आणि २०२३ साली सोडूनही दिला. तरीही २०२५ साली मारुतीने अल्टो के१०, वॅगन आर आणि सेलेरिओ या आपल्या स्वस्त मोटारींतही सहा एअरबॅगा मूळ किमतीत देण्याचे जाहीर केले. हा आनंदाचाच भाग. परंतु ज्याला नवी मोटार परवडते त्याला आजचा कायदा मिळतो. ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला दहा वर्षांपूर्वीचा कायदा येतो. देशात आज नव्यांपेक्षा जुन्या मोटारी अधिक विकल्या जातात. म्हणजे बहुसंख्य गिऱ्हाइके या दुसऱ्या पंक्तीतली आहेत.

दुसऱ्या देशांत ही दरी बुजविण्याचा एक मार्ग आयातीचा असतो. न्यूझीलंडमध्ये जपानच्या जुन्या मोटारी पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. आणि त्या देशाने आयात होणाऱ्या जुन्या मोटारींनाही स्थिरतेच्या यंत्रणेची अट २०२० पर्यंत टप्प्याटप्प्याने लावली. केनियासारखा देशही आठ वर्षांहून जुनी मोटार बंदरातून आत येऊ देत नाही. आपल्याकडे परदेशी जुनी मोटार आणता येते, पण ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या हाताच्या चक्राची असावी, आणि जबर जकात भरून यावी, अशा अटी आहेत. त्यामुळे सामान्य माणसाच्या दृष्टीने तो दरवाजा बंदच आहे. तो बंद ठेवण्याला कारणे आहेत. देशी कारखाने आणि त्यातले कामगार जगले पाहिजेत, आणि श्रीमंत देशांच्या भंगाराचे कोठार होण्यात शहाणपण नाही. तो दरवाजा उघडावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या अर्थी बाहेरचा पर्याय राज्यकर्त्यांनी विचारपूर्वक बंद केला, त्या अर्थी आतल्या बाजारातल्या गिऱ्हाइकाची जबाबदारीही त्यांच्यावर अधिक येते.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. स्वस्त मोटार घेणारा माणूस महागडी सुरक्षित मोटार सोडून तिच्याकडे वळत नाही; तो स्कूटरवरून तिच्याकडे वळतो. पुढे मुलगा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटी, अशा थाटात भर पावसात महामार्गावरून जाणारे कुटुंब आपण रोज पाहतो. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्या कुटुंबाच्या दृष्टीने एअरबॅग नसलेली मोटारही मोठीच प्रगती होय. हे खरे आहे, आणि म्हणूनच आमच्या स्नेह्यांनी ती मोटार घेतली यात त्यांची चूक झाली असे आम्ही म्हणणार नाही. चूक दुसरीकडे आहे. त्यांनी एअरबॅग नसलेली मोटार समजून-उमजून घेतली नाही. ती नाही हेच त्यांना ठाऊक नव्हते. कमी किमतीत कमी वस्तू घेणे हा व्यवहार झाला. काय कमी आहे हे न कळता घेणे हा व्यवहार नव्हे.

आणि ते कळावे तरी कसे? नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो, चासीचा असतो, उत्पादनाचा महिना व वर्ष असते, रंग असतो, आसनांची संख्या असते, वजनही असते. एअरबॅगा किती, एबीएस आहे की नाही, याचा रकाना मात्र नसतो. मोटारीचा रंग सरकारदरबारी नोंदविण्याच्या योग्यतेचा, आणि तिच्यातल्या जीवरक्षक साधनाची नोंद अनावश्यक, असा हा विचित्र हिशेब आहे. जे कळते ते आवृत्तीच्या नावावरून. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय या अक्षरांचा अर्थ दलालाला पाठ असतो, शिक्षकाला आणि कारकुनाला नसतो. २०१४ च्या सुमारास अल्टोसारख्या गाड्यांत चालकाची एअरबॅग हवी असल्यास निराळी आवृत्ती मागावी लागे. नावापुढे कंसात 'ओ' हे अक्षर तेवढे जास्त असे. एका माणसाच्या जिवाची तजवीज कंसातल्या एका अक्षरात लपलेली! आणि पहिल्या मालकाने काही हजार रुपये वाचविण्यासाठी ते अक्षर नाकारले, तर त्याची किंमत दहा वर्षांनी तिसरा मालक देऊ शकतो.

एअरबॅग ही पुढे कधी तरी बसवून घेण्याची वस्तूही नव्हे. तिच्यासाठी धडक ओळखणारे सेन्सर, नियंत्रक, खास सुकाणू-चक्र आणि त्याला जुळणारा सांगाडा कारखान्यातच लागतो. गाडीला सीटकव्हर लावता येते, टेप बसविता येतो. एअरबॅग तशी बसविता येत नाही. तेव्हा सरकार जुन्या मोटारींना मागील तारखेने कायदा लावू शकणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जे बदलता येत नाही ते निदान सांगता येते.

सांगितल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. २०१४ च्या त्या चाचणीत चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पोलोला एअरबॅगांशिवाय शून्य तारे मिळाले, आणि दोन एअरबॅगांसह चार. निकाल छापून येताच कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणे बंद केले. त्या वेळी कायदा बदललेला नव्हता. फक्त माहिती चव्हाट्यावर आली होती. नव्या मोटारींच्या बाबतीत जे माहितीने घडले, ते जुन्या मोटारींच्या बाबतीत का घडू नये?

इतर देशांनी ते करून पाहिले आहे. अमेरिकेत १९८५ पासून जुन्या मोटारींच्या विक्रेत्याला गाडीच्या काचेवर माहितीपत्रक लावावे लागते. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाचे संशोधक प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदींवरून जुन्या मोटारींना सुरक्षिततेचे तारे देतात, आणि त्या यादीचा उपयोग न्यूझीलंडच्या गिऱ्हाइकालाही होतो. इंग्लंडमध्ये वार्षिक तपासणीत एअरबॅगेचा इशारा देणारा दिवा पेटलेला राहिला तर मोटार नापास होते. यांपैकी एकाही गोष्टीला फार मोठा खर्च नाही.

आपल्याकडेही पाया घातलेला आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. त्याच नियमांत आणखी एक कलम घालावे : अशा प्रत्येक मोटारीच्या काचेवर मराठीत एक कागद असावा, आणि त्यावर एअरबॅगांची संख्या, एबीएस आहे किंवा नाही, आणि धडक-चाचणी झाली असल्यास त्या आवृत्तीचे तारे लिहिलेले असावेत. चासीच्या क्रमांकावरून कोणती मोटार कोणत्या साधनांसह कारखान्याबाहेर पडली, हे उत्पादकाला सांगता येते. ती माहिती नोंदणीच्या पुस्तकात आणि हस्तांतराच्या अर्जावर उतरविणे आजच्या संगणकयुगात अवघड नाही. आमच्या विरारच्या परिवहन कार्यालयात पुस्तक नावावर करून घेण्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला, आपण काय नावावर करून घेत आहोत, एवढे तरी कळावे.

ते होईपर्यंत गिऱ्हाइकाने स्वतः डोळस राहावे. मोटार जुलै २०१९ पूर्वीची असेल तर एअरबॅग आहे असे गृहीत धरू नये. दोन्ही आहेत असे २०२२ पासूनच्या मोटारींबद्दलच धरता येईल. चावी फिरविताच एअरबॅगेचा आणि एबीएसचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. तो पेटतच नसेल किंवा विझतच नसेल, तर पूर्वीच्या अपघातात फुटलेली एअरबॅग पुन्हा न बसविता वर झाकण चिकटविले असण्याचा संभव असतो. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगांमुळे होंडासारख्या कंपन्यांनी अनेक जुन्या मोटारी आपल्याकडेही परत बोलाविल्या होत्या; तसा भाग बदलला आहे का, हेही चासीचा क्रमांक देऊन विचारून घ्यावे.

तथापि साधनांची यादी म्हणजे सर्वस्व नव्हे, हे आपल्या पालघर जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा अंत झाला. ती मोटार महागडी होती, एअरबॅगा आणि इतर यंत्रणा यांची तिच्यात वाण नव्हती. दोघेही मागच्या आसनांवर होते, आणि त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याच्या जागी नव्हे. २०२२ साली देशात सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ जण मोटार-अपघातांत दगावले. पुढच्या आसनांचे पट्टे तर १९९४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत आहेत. म्हणजे ज्या एका बाबतीत आपला कायदा वेळेवर जागा झाला, तेथे आपण झोपलो.

आमच्या स्नेह्यांनी मोटार विकली नाही. विकून दुसरी घेण्याइतके पैसे नाहीत. मागच्या आसनाखाली दडपलेले पट्टे त्यांनी बाहेर काढून घेतले, आणि आता आईसह सर्वांनी ते लावल्याशिवाय गाडी हलत नाही. महामार्गावर वेग साठाच्या आत असतो. जे आहे त्याच्या आधाराने त्यांनी आपली सोय केली. पण ही सोय त्यांनी केली ती परदेशातल्या भाच्याने विचारलेल्या एका प्रश्नामुळे. प्रत्येक गिऱ्हाइकाला असा भाचा नसतो. तो प्रश्न विक्रेत्याच्या काचेवरच्या कागदाने आणि सरकारी पुस्तकातल्या एका रकान्याने विचारावयास हवा, आणि त्याचे उत्तरही तेथेच, पैसे मोजण्यापूर्वी, लिहिलेले असावयास हवे.